सेलमचा सागरगणिती : नॅथॅनिएल बाउडिच

ग्रंथालये नाना तऱ्हांनी उभी राहतात. कोठे एखाद्या संस्थानिकाच्या उदार आश्रयाने, कोठे चार शिक्षक-वकील मंडळींनी दारोदार फिरून जमविलेल्या वर्गणीने, तर कोठे एखाद्या विद्वानाच्या पश्चात त्याच्या वारसांनी दिलेल्या कपाटभर पुस्तकांनी. परंतु भर समुद्रात झालेल्या लुटीतून एक ग्रंथालय जन्माला यावे, आणि त्याच्या आधाराने पिंपे बनविणाऱ्या एका कारागिराच्या मुलाने असंख्य खलाशांना वाट दाखविणारा ग्रंथ सिद्ध करावा, असे उदाहरण ग्रंथालयांच्या इतिहासात विरळाच. ते उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सेलमचे गणिती व नाविक नॅथॅनिएल बाउडिच यांचे चरित्र होय.

मॅसॅच्युसेट्स प्रांतात, बॉस्टनच्या ईशान्येस, सेलम हे लहानसे बंदर आहे. २६ मार्च १७७३ रोजी तेथे नॅथॅनिएलचा जन्म झाला. वडील हबक्कूक हे पूर्वी जहाजावर कप्तान होते. परंतु समुद्रावर नुकसान सोसावे लागल्यावर त्यांनी तो पेशा सोडला आणि ते लाकडी पिंपे बनविण्याचा धंदा करू लागले. सात भावंडांचे कुटुंब आणि त्यात स्वातंत्र्ययुद्धाचा काळ. घरात कायमची ओढाताण होती. दहाव्या वर्षी मुलाची शाळा सुटली आणि तो वडिलांच्या हाताखाली पिंपांच्या फळ्या जुळवू लागला. बाराव्या वर्षी त्याला जहाजांना लागणारे दोर, शिडाचे कापड, डांबर, खिळे असले सामान विकणाऱ्या एका दुकानात उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. जमाखर्च लिहावा, गिऱ्हाईक आले की माल मोजून द्यावा, असा त्याचा दिनक्रम होता. पण गिऱ्हाईक नसले की फळ्याखालची पाटी वर येई आणि मुलगा गणितात बुडून जाई.

चौदा वर्षांचा असताना त्याने भावाकडून असे ऐकले, की नौकानयन शिकविणाऱ्या गुरुजींजवळ एक पुस्तक आहे आणि त्यात अंकांच्या जागी अक्षरे घालून हिशेब करतात. बीजगणिताचे ते पुस्तक हाती आले त्या रात्री नॅथॅनिएलला झोप लागली नाही, अशी आठवण त्याच्या कुटुंबात सांगितली जात असे. पुढे चेंबर्सचा ज्ञानकोश हाती लागला, तोही त्याने आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढला. तथापि दुकानातल्या एका गरीब उमेदवाराला याहून पुढचा ग्रंथ मिळणार कोठून? इंग्लंड-फ्रान्समध्ये छापलेली गणिताची व ज्योतिषाची पुस्तके विकत घेणे तर त्याच्या स्वप्नातही नव्हते.

येथे त्या सागरी लुटीची कथा सुरू होते. रिचर्ड कर्वन हे आयर्लंडमधील नामांकित रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या उत्तरार्धात, १७८१ च्या सुमारास, त्यांचा निवडक ग्रंथसंग्रह आयर्लंडहून इंग्लंडकडे जहाजाने जात होता. शत्रूची व्यापारी जहाजे पकडण्याचा परवाना अमेरिकी सत्तेने त्या काळी खासगी जहाजांना दिलेला असे. सेलमशेजारच्या बेव्हर्ली गावचे ‘पिलग्रिम’ हे असेच एक जहाज. त्याने कर्वन यांचा संग्रह नेणारे जहाज पकडले, आणि लुटीच्या इतर मालाबरोबर ती पुस्तकेही बेव्हर्लीच्या धक्क्यावर उतरली. परिसरातील काही धर्मोपदेशक, वैद्य आणि विद्याप्रेमी गृहस्थांनी पैसे एकत्र करून तो संग्रह विकत घेतला व त्यातून सेलमचे ‘फिलॉसॉफिकल लायब्ररी’ हे छोटे सभासद-ग्रंथालय उभे राहिले. मागाहून या मंडळींनी कर्वन यांना पुस्तकांचे मोल देऊ केले, तेव्हा त्यांनी ते घेण्यास नकार दिला आणि आपले ग्रंथ चांगल्या कामी लागले याबद्दल समाधान व्यक्त केले. संग्रह गेल्याचे दुःख या विद्वानाला झाले नसेल असे नाही. पण पुस्तकाचे खरे सार्थक कशात असते, हेही त्याला ठाऊक होते.

ग्रंथालय सभासदांपुरते होते आणि सभासद होण्याची ऐपत नॅथॅनिएलपाशी नव्हती. परंतु विल्यम बेंटली आणि जॉन प्रिन्स या दोन धर्मोपदेशकांचे या मुलाकडे लक्ष गेले होते. त्यांच्या खटपटीने १७९१ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला पुस्तके घरी नेण्याची मुभा मिळाली. पुस्तक आपले नाही, ते परत करायचे आहे, ही जाणीव सतत मनात असल्यामुळे त्याने नकला करून ठेवण्याचा सपाटा लावला. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातील गणितविषयक निबंध त्याने वह्यांवर वह्या भरून उतरवून घेतले. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ वाचायचा तर लॅटिन हवे, म्हणून त्याने कोश व व्याकरण पुढ्यात घेऊन लॅटिनचा अभ्यास केला. पुढे फ्रेंचही त्याच पद्धतीने आत्मसात केली. गुरू नाही, विद्यापीठ नाही. दिवसा दुकान आणि पहाटे व रात्री वाचन, असा हा अभ्यासक्रम १७९५ पर्यंत चालला.

त्या काळचे सेलम समजून घेतल्यावाचून पुढचा भाग नीट कळणार नाही. १७९० च्या जनगणनेत गावची वस्ती जेमतेम आठ हजार होती; पण अमेरिकेतील मोठ्या नगरांत त्याची गणना होई. स्वातंत्र्यानंतर इंग्रजांच्या वेस्ट इंडीज वसाहतींशी चालणारा जुना व्यापार अमेरिकी जहाजांना बंद झाला, तेव्हा सेलमच्या व्यापाऱ्यांनी आपली जहाजे केप ऑफ गुड होपला वळसा घालून पूर्वेकडे सोडली. एलियास हॅस्केट डर्बी हे त्यांचे अग्रणी. मॉरिशस, बटाव्हिया, मनिला, कँटन, त्याचप्रमाणे आपल्याकडील सुरत, मुंबई, कोलकाता या बंदरांत सेलमची जहाजे दिसू लागली. सुमात्राची मिरी, जावाची कॉफी, मनिलाची साखर व नीळ, हिंदुस्थानचे सुती कापड यांनी सेलमच्या वखारी भरून गेल्या. एक सफर वर्ष-दीड वर्ष चाले. यशस्वी झाली तर मालकाचे घर भरे. फसली तर जहाज, माल आणि वीस-पंचवीस घरांतील कर्ती माणसे समुद्राच्या पोटात जात.

या फसण्याचे एक मोठे कारण गणिताचे होते. समुद्रावर अक्षांश काढणे तुलनेने सोपे. माध्यान्ही सूर्याची उंची मोजावी, त्या दिवशीची सूर्याची क्रांती कोष्टकात पाहावी, म्हणजे अक्षांश निघतो. रेखांशाचे तसे नाही. त्यासाठी मूळ ठिकाणची वेळ कळावी लागते. अचूक सागरी घड्याळे तयार झाली होती, पण ती फार महाग असत आणि व्यापारी जहाजांवर क्वचितच आढळत. दुसरा मार्ग चंद्राचा. चंद्र ताऱ्यांमधून ताशी सुमारे अर्धा अंश सरकतो. म्हणजे आकाश हेच घड्याळ आणि चंद्र हा त्याचा काटा. चंद्र आणि सूर्य किंवा एखादा तारा यांमधील कोनीय अंतर मोजून नाविक पंचांगातील अंतराशी ताडून पाहिले की वेळ मिळते आणि वेळेवरून रेखांश. परंतु त्यासाठी करावी लागणारी आकडेमोड इतकी लांबलचक आणि किचकट होती, की बहुतेक कप्तान तिच्या वाटेला जात नसत. ते अंदाजाने जहाज हाकीत. आणि अंतर मोजण्यात एका कलेची चूक झाली तरी रेखांशात सुमारे अर्ध्या अंशाचा फरक पडे.

जानेवारी १७९५ मध्ये डर्बी यांच्या ‘हेन्री’ जहाजावर बाउडिच कारकून म्हणून चढले. कप्तान होते हेन्री प्रिन्स. हिंदी महासागरातील फ्रेंचांच्या बूर्बाँ बेटापर्यंत, म्हणजे आजच्या रेयुनियनपर्यंत, जाऊन जहाज वर्षभराने परतले. मार्च १७९६ मध्ये त्याच कप्तानाबरोबर ते डर्बी यांच्याच ‘ॲस्ट्रिया’ जहाजावर मालाचे कारभारी म्हणून निघाले. लिस्बन व मदीरा येथे थांबून ‘ॲस्ट्रिया’ मनिलाला पोहोचले, आणि मे १७९७ मध्ये सुमारे साडेसात लाख पौंड साखर, शिवाय मिरी व नीळ घेऊन सेलमला परत आले. ऑगस्ट १७९८ मध्ये त्याच जहाजाने स्पेनची सफर केली आणि जुलै १७९९ मध्ये बटाव्हिया व मनिलाची. त्या शेवटच्या सफरीहून बाउडिच सप्टेंबर १८०० मध्ये परतले.

‘ॲस्ट्रिया’च्या या तीन सफरींत बाउडिच यांची खरी घडण झाली. खरेदी-विक्रीचे काम बंदरात. खुल्या समुद्रावर मालाच्या कारभाऱ्याला सवडच सवड. ती सवड त्यांनी दोन कामांना दिली. एक म्हणजे अध्ययन. स्पेनच्या सफरीत फ्रेंच लुटारू जहाजांशी गाठ पडण्याचा प्रसंग आला आणि तोफांसाठी दारू वर पोहोचविण्याचे काम बाउडिच यांच्याकडे देण्यात आले. कप्तान खाली येऊन पाहतात तो हे गृहस्थ दारूच्या पिंपावर बसून पाटीवर गणित करीत होते, अशी गोष्ट सांगतात. दुसरे काम अध्यापनाचे. डोलकाठीपुढच्या साध्या खलाशांना जवळ बसवून ते चंद्रावरून रेखांश काढण्याची रीत शिकवू लागले. एखाद्याला समजले नाही तर दोष त्याच्या डोक्याचा न मानता आपल्या सांगण्याचा मानावा, आणि ते अधिक सोपे करून पुन्हा सांगावे, असा त्यांचा परिपाठ होता. ‘ॲस्ट्रिया’ अखेरच्या वेळी मनिलाला पोहोचले तेव्हा जहाजावरील बाराही खलाशी, स्वयंपाक्यासुद्धा, ही निरीक्षणे घेऊन गणित करू शकत होते. त्या बंदरातील युरोपीय कप्तानांना हे ऐकून नवल वाटले. अशा जहाजांवर साध्या खलाशाला विद्या देण्याची पद्धतच नव्हती. बाउडिच यांनी ती घातली आणि पुढे यांतील कित्येक खलाशी स्वतः जहाजांचे अधिकारी झाले.

याच सफरींत एका भयंकर गोष्टीचा उलगडा होत गेला. इंग्रजी जहाजांवर त्या काळी जॉन हॅमिल्टन मूर या इंग्रज ग्रंथकाराचे ‘प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ हे पुस्तक प्रमाण मानले जाई, आणि अमेरिकी कप्तानही तेच वापरीत. त्यातील कोष्टकांवरून काढलेले स्थान आणि प्रत्यक्ष स्थान यांचा मेळ बसेना, तेव्हा बाउडिच यांनी कोष्टके मुळातून तपासायला घेतली. चुकांची संख्या आठ हजारांवर गेली. बऱ्याचशा शेवटच्या अंकातील असल्याने फारशा घातक नव्हत्या. काही मात्र प्राणघातक होत्या. त्यांतील एक विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. चारने भाग जातो म्हणून मूर यांच्या कोष्टकात १८०० हे लीप वर्ष धरले होते. परंतु शतकाच्या वर्षाला चारशेने भाग गेला तरच ते लीप वर्ष ठरते. या एका दिवसाच्या घोळामुळे मार्चमध्ये सूर्याची क्रांती सुमारे तेवीस कलांनी चुके, आणि जहाजाचे स्थान तेवीस सागरी मैलांनी. या चुकीपायी जहाजे खडकांवर आपटल्याचे सांगितले जाते. छापलेला आकडा खरा मानून सुकाणू धरणाऱ्या माणसाचा यात काय अपराध?

न्यूबरीपोर्टचे प्रकाशक एडमंड ब्लंट यांना मूर यांच्या पुस्तकाची अमेरिकी आवृत्ती काढायची होती. त्यांनी बाउडिच यांची मदत मागितली. १७९९ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली, पाठोपाठ दुसरी निघाली. पण दुरुस्त्यांचा ढीग असा वाढला, की तिसऱ्या वेळी पुस्तक मूर यांचे म्हणण्यात अर्थ उरला नाही. १८०२ मध्ये ‘न्यू अमेरिकन प्रॅक्टिकल नॅव्हिगेटर’ हा ग्रंथ बाउडिच यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. आकडेमोडीत धाकटे बंधू विल्यम यांची मदत झाली होती. चंद्रनिरीक्षणाच्या गणितात येथे मिळवायचे की वजा करायचे, या संभ्रमात नाविक हटकून चुकत. बाउडिच यांच्या नव्या रीतीने तो संभ्रमच टळला. जहाजावरील सर्वांना शिकविता येणार नाही असे काहीही पुस्तकात घालायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. त्यात परिभाषेचा अर्थ, दोर व शिडे यांची नावे, भरती-ओहोटी, हुंड्या व विमा यांचे नियम असे सारे काही आले; कारण वाचक कोण आहे, हे लेखकाला पुरते ठाऊक होते. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात श्रोत्यांत बसलेल्या बाउडिच यांच्या कानी लॅटिनमधून स्वतःचे नाव पडले. दहाव्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला विद्यापीठाने सन्मान्य एम. ए. पदवी दिली होती.

ग्रंथाची कसोटी लवकरच लागली. नोव्हेंबर १८०२ मध्ये बाउडिच ‘पटनम’ जहाजाचे कप्तान आणि भागीदार म्हणून सुमात्राच्या मिरीच्या किनाऱ्याकडे निघाले. मिरी भरून, मॉरिशसवरून परतताना २५ डिसेंबर १८०३ रोजी जहाज सेलमजवळ आले, तेव्हा दाट हिमवादळ सुरू होते. किनारा खडकाळ, बेटांनी भरलेला. समोरचे काही दिसेना. शहाण्या कप्तानाने अशा वेळी दूर समुद्रातच थांबावे, असा संकेत. परंतु बाउडिच यांना आपल्या गणिताची खात्री होती. बेकर बेटावरील दीप क्षणभर दिसले, हिशेबाशी जुळले, आणि पुन्हा वादळात लोपले. तेवढ्या आधारावर त्यांनी जहाज आत घेतले आणि संध्याकाळी सुखरूप नांगर टाकला. अशा रात्री जहाज आलेले पाहून गावकरी चकित झाले. ही त्यांची शेवटची सफर.

या प्रवासांची किंमत त्यांनी भरली होती. मार्च १७९८ मध्ये त्यांचा एलिझाबेथ बोर्डमन यांच्याशी विवाह झाला होता; सात महिन्यांनी, ते स्पेनच्या सफरीवर असतानाच, तिचा मृत्यू झाला. १८०० मध्ये त्यांनी मेरी इंगरसोल यांच्याशी दुसरा विवाह केला आणि हा संसार चौतीस वर्षे सुखाने चालला.

१८०४ पासून बाउडिच सेलममध्ये एका सागरी विमा कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १८२३ मध्ये बॉस्टनच्या आयुर्विमा कंपनीत गेले. तेथे ते अखेरपर्यंत होते. हार्वर्ड, व्हर्जिनिया विद्यापीठ आणि वेस्ट पॉइंटची लष्करी संस्था यांनी प्राध्यापकपद देऊ केले, पण त्यांनी ते नाकारले. पूर्वेच्या सफरी केलेल्या कप्तानांनी १७९९ मध्ये स्थापन केलेल्या ईस्ट इंडिया मरीन सोसायटीचे ते अध्यक्ष होते. सभासदांच्या सफरींच्या रोजनिशा आणि दूरदेशीच्या वस्तू जमविण्याचा या संस्थेचा उपक्रम होता. त्यातून पुढे सेलमचे प्रसिद्ध संग्रहालय उभे राहिले.

सकाळी कचेरीपूर्वी आणि रात्री मुलाबाळांच्या गलक्यात बसून त्यांनी जे काम केले ते लाप्लासच्या ‘मेकॅनिक सेलेस्त’ या खगोलगणितावरील फ्रेंच महाग्रंथाच्या भाषांतराचे. चार खंडांचे भाषांतर आणि त्यावर मूळ ग्रंथाहून मोठी भरेल इतकी टीका त्यांनी लिहिली. लाप्लास एखाद्या सिद्धांताबद्दल हे उघडच आहे असे म्हणून पुढे जातो, तेथे मधल्या पायऱ्या शोधण्यास आपल्याला कित्येक तास बसावे लागते, असे ते मित्रांना सांगत. त्या गाळलेल्या पायऱ्या वाचकासाठी भरून काढणे, हे त्यांच्या टीकेचे मुख्य कार्य. ‘ॲस्ट्रिया’वरील खलाशांना शिकविणारा माणूसच येथे पुन्हा दिसतो. छपाईसाठी वर्गणी जमविण्याची मित्रांची सूचना त्यांनी स्वीकारली नाही. घरखर्चात काटकसर करून पत्नीने साथ दिली, आणि बारा हजार डॉलरच्या घरातील खर्च त्यांनी स्वतः सोसला. १८२९, १८३२ आणि १८३४ मध्ये तीन खंड प्रसिद्ध झाले. १८३४ मध्येच मेरी निवर्तल्या. हा ग्रंथ त्यांच्याच स्मृतीला अर्पण केलेला आहे.

बाउडिच यांच्या स्वभावाला कठोर बाजूही होती. हार्वर्डच्या नियामक मंडळावर आल्यावर त्यांनी विद्यापीठाचे हिशेब जहाजाच्या हिशेबांप्रमाणे तपासले, आणि सर्वांना प्रिय असलेल्या अध्यक्ष कर्कलंड यांना इतके धारेवर धरले की १८२८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. अनेकांना हे वर्तन खटकले. चुकीचा आकडा आणि चुकणारा माणूस यांत भेद करण्याची सवलत बाउडिच यांनी फारशी कोणाला दिली नाही. समुद्रावर जी कठोरता प्राणरक्षक ठरली, ती जमिनीवर कधी कधी जाचक वाटली.

१६ मार्च १८३८ रोजी बॉस्टन येथे त्यांचा मृत्यू झाला. अखेरच्या आजारातही ते चौथ्या खंडाची मुद्रिते तपासत होते. तो खंड पुढच्या वर्षी निघाला. त्यांच्या स्मरणार्थ बंदरांतील जहाजांनी ध्वज अर्ध्यावर उतरविले. नाविकांसाठी लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाचे हक्क पुढे अमेरिकी सरकारने घेतले. रीती बदलल्या, चंद्राची जागा आधी घड्याळाने आणि मग उपग्रहांनी घेतली, तरी बाउडिच यांच्या नावाने तो ग्रंथ सुधारून प्रसिद्ध होत राहिला. २०१९ मध्येही त्याची आवृत्ती निघाली.

मृत्युपत्रात मात्र त्यांनी एक जुने देणे चुकते केले. ज्या फिलॉसॉफिकल लायब्ररीने त्यांना विनामूल्य पुस्तके दिली होती, ती १८१० मध्ये गावातील दुसऱ्या एका ग्रंथालयाशी एकत्र होऊन सेलम अ‍ॅथेनियम झाली होती. तरुणपणी मिळालेल्या त्या उपकाराचे स्मरण ठेवून बाउडिच यांनी तिला एक हजार डॉलर ठेवले. स्वतःचा ग्रंथसंग्रह त्यांच्या मुलांनी आधी राहत्या घरीच लोकांना खुला ठेवला आणि १८५८ मध्ये बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाला अर्पण केला. कर्वन यांची पुस्तके हरवली ती अशा रीतीने दुसऱ्या किनाऱ्याला लागली, आणि तेथून पुढे कोणाकोणाच्या हाती गेली याची मोजदाद कोणत्याच देवघेवीच्या वहीत सापडणार नाही. सेलमच्या त्या दोन धर्मोपदेशकांनी १७९१ मध्ये वर्गणी न भरू शकणाऱ्या एका दुकानी पोराला पुस्तक घरी नेऊ दिले, एवढीच नोंद पुरेशी आहे.